न्यायला येणाऱ्याचं नाव

काशीनाना माणसाचं तोंड नंतर बघतात. आधी हात बघतात.

मी या सोसायटीत राहायला आले त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. सव्वीस खोकी, प्रत्येकावर नंबर, आणि माझ्या हातात यादी. तेवढ्यात एक उंच, वाळका म्हातारा जिन्यावरून खाली आला आणि माझ्या हाताकडे टक लावून बघत उभा राहिला. मला वाटलं, यादी वाचतोय. मी यादी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली आणि माझं मनगट निरखलं.

"ताई, हात कोराच हाय की तुमचा."

"कोरा म्हणजे?"

"गोंदण नाय. एक ठिपका बी नाय. उद्या माणूस हरवला तर त्याला पोचवायचा कुठं?"

मी म्हटलं, मी हरवत नाही.

"सगळे असंच म्हणत्यात," असं म्हणून त्यांनी अकरा नंबरचं खोकं खांद्यावर घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर बरोबर माझ्या दारात नेऊन ठेवलं. माझं घर कोणतं, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी या सोसायटीची सेक्रेटरी आहे. माझी निवड कशी झाली हे सांगण्यासारखं आहे. सभेला पेन घेऊन येणारी मी एकटीच होते. तेव्हापासून कुणाचं पाणी गळतं, कुणाची गाडी कुणाच्या जागेत उभी, नळाला पाणी येण्याचा वार कोणता आणि त्या वारी ते आलं नाही तर टँकर कुणी बोलवायचा, हे सगळं माझ्याकडे आहे. दिवसा मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळते. तिथे प्रत्येक नटबोल्टच्या खणावर लेबल असतं : वस्तूचं नाव, नंबर, जागा. घरी येते तेव्हा फ्रिजवर दुसरी यादी वाट बघत असते. कंटाळा येतो म्हणायलाही वेळ काढावा लागतो. मग तेही राहतं.

या यादीत काशीनानांची एक कायमची ओळ आहे.

काशिनाथ दांडगे मूळचे पिशोरचे. घरची शेती होती, पण भावाभावांत वाटून उरली ती, त्यांच्या भाषेत, "बैल वळवायला बी पुरत नाय" एवढी. म्हणून ते एसटीत कंडक्टर झाले आणि जन्मभर कन्नड, पिशोर, पैठण या पट्ट्यात तिकिटं फाडली. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण बोलण्यातला कंडक्टर काही उतरलेला नाही. जिन्यात दोन बायका बोलत उभ्या दिसल्या की "पुढं सरका, पुढं मोकळं हाय." कुणी लांबण लावली की "उतरणारे उतरा." आणि स्वतःचं बोलणं संपलं की डोक्यावरची दोरी दोनदा ओढल्यासारखा हात करायचा आणि म्हणायचं, "डबल बेल!" डबल बेल म्हणजे गाडी निघाली, विषय संपला. सोसायटीची सभा मी अलीकडे त्यांच्या डबल बेलवरच संपवते. अध्यक्षांनी आभार मानून जे होत नाही, ते त्याने होतं.

हात बघायची सवयही नोकरीतूनच लागलेली.

"तिकिटासाठी हात पुढं येतो, ताई. तोंड पदरात. मग मी वाचणार काय? हातच की."

वाचता वाचता ते तयार झाले. कुठल्या बाजारात कोणती गोंदणारी बसते, कुणाच्या तुळशीला किती फांद्या, कुणाच्या विंचवाची नांगी कुठल्या अंगाला वळते, हे त्यांना पाठ होतं. बाईने तोंड उघडायच्या आधी "कन्नड एक का?" म्हणून तिकीट तयार. बायका दचकायच्या. काहींची तर खात्री होती की या कंडक्टरच्या अंगात येतं.

नाना रंगात आले की गोंदणाचा सगळा इतिहास सांगतात. दिव्याची काजळी धरायची, पाल्याच्या रसात खलायची, तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या. पोरीला दोघींनी धरायचं आणि तिसरीने टोचायचं. गोंदलेलं नसेल तर सुनेच्या हातचं पाणी सासू पीत नसे. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची चोरी, म्हणून ते हातावर. कचेरीत कारकुनाने विचारलं की बाई गुमान हात पुढे करायची, कारकून वाचून लिहून घ्यायचा. "आन मेल्यावर बघा," नाना सांगतात, "दागिने पोरं काढून घेत्यात, लुगडं जळतं. गोंदण तेवढं वर जातं, देवाला दाखवायला."

मी हे ऐकते तेव्हा मला माझी आई दिसते. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते आणि मनगटावर तुळस. लग्न होऊन ती शहरातल्या शिकल्यासवरल्या घरात आली आणि तिला त्यांची लाज वाटायला लागली. हनुवटीवर पावडर, तुळशीवर घड्याळाचा पट्टा. आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत ती काहीतरी गहन विचार करत असल्यासारखी हनुवटीला हात लावून बसलेली आहे. एकदा तिने चुना लावून ठिपके काढायचा प्रयत्न केला. आठ दिवस हनुवटी सुजली. सूज उतरल्यावर ठिपके होते तिथेच होते. आणि परवा माझी भाची तीच तुळस, तेवढीच, मनगटावर काढून आली. घड्याळ आता ती दुसऱ्या हातात बांधते, तुळस झाकू नये म्हणून.

भाचीने ती काढली आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर. तिथल्या गाळ्यात टॅटूचं दुकान आहे. दुकानदाराचं नाव रॉकी. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर रखमाजी. वय पस्तीस, दोन मुलींचा बाप, मानेवर गरुड, दंडावर ड्रॅगन. पाणी आलं की दोन्ही मुलींच्या बाटल्या आमच्या नळावर भरायला येतो. दुकान उघडलं त्या दिवशी नाना आत गेले, भिंतीवरची चित्रं एक फेरी मारून बघितली आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. त्यानंतर रोज दहा ते एक ते तिथेच. नेमणूक कुणी केली, माहीत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लाइनवर नवीन गाडी आली, ताई. जुन्या माणसानं दोन फेऱ्या बरूबर जावं लागतं."

पहिल्याच आठवड्यात रॉकी माझ्या दारात.

"मॅडम, नाना को समझाओ ना जरा. धंदा खराब होरा मेरा."

"काय केलं त्यांनी?"

"गिऱ्हाईक खुर्चीवर बसला, मशीन सुरू केली, अन् हे विचारतात त्याला, 'हा सिंव्ह कशाला? तुमच्याकडं हाय का सिंव्ह?' वो बोला, नहीं. तर म्हणतात, 'मग हरवल्यावर तुला काय जंगलात नेऊन सोडू?'"

मी तक्रारवहीत नोंद केली. त्या वहीत पुढे नानांच्या नावाने बरंच साठलं. एका मुलीला पंख हवे होते, तिला त्यांनी पिशोरकडचा मोर कसा भारी, हे तासभर सांगितलं आणि ती मोर काढून गेली. एकाला छातीवर लाटेसारखी वरखाली जाणारी हृदयाच्या ठोक्यांची रेघ हवी होती. नाना म्हणाले, "हा तर कन्नडचा घाट झाला. गाडी लागंल बघणाऱ्याला." आणि एक दिवस कॉलेजातला एक तरुण मनगटावर 'प्रिया' काढून घ्यायला आला. नानांनी त्याला एवढंच विचारलं :

"ही न्यायला येणार का?"

"म्हणजे?"

"तू पैठणच्या स्टँडवर ताप अंगात घिऊन पडलास. कुणी हात वाचून हिला फोन लावला. येईल का ती?"

तरुण विचारात पडला. बाहेर जाऊन फोनवर बोलून येतो म्हणाला. तो परत आला नाही.

"तीन दिवस होगए," रॉकी रडकुंडीला येऊन म्हणाला, "वो अभी तक बात कर रहा होगा."

मी नानांना खाली गाठलं. सेक्रेटरी म्हणून समज देणं माझं काम होतं. समज द्यायचे मुद्दे मी लिहूनही नेले होते. नानांनी मला बसायला आपली खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले आणि समज ऐकून घ्यायच्या ऐवजी मला यसाबाईची गोष्ट सांगितली.

यसाबाई म्हणजे एक म्हातारी. नाना ऐन नोकरीत असतानाची गोष्ट. पैठणला गाडी रिकामी झाली आणि ही मागच्या बाकावर बसून. उतरेना. नाव काय, यसा. गाव कोणतं, आठवेना. कुठं जायचं, आठवेना. नानांनी तिचा हात बघितला. हातावर नाव होतं, 'तुकाराम'. आणि नावाखाली तिरपे तीन ठिपके. असे ठिपके पिशोरच्या बाजारात बसणारी एकच गोंदणारी घालायची. म्हणजे बाई पिशोरकडची. रात्री तिला स्टँडवरच्या कंट्रोलरच्या बायकोकडे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून नाना तिला घेऊन निघाले, यसाबाईचा नवरा तुकाराम शोधायला.

"तीन गावं फिरलो, ताई. यसाचा दादला तुकाराम, यसाचा दादला तुकाराम. एका गावात तुकाराम गावला. त्याच्या बायकोनं मला चुलीतलं लाकूड दाखवलं."

चूक कुठे झाली ते संध्याकाळी, कुणीतरी म्हातारीला ओळखलं तेव्हा कळलं. तुकाराम नवरा नव्हताच. भाऊ होता. शेताच्या हिश्शावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं, कित्येक वर्षं तोंडही बघितलेलं नाही. नाना म्हातारीला घेऊन त्याच्या दारात उभे राहिले तेव्हा तो आधी आतच जायला निघाला. मग नानांनी म्हातारीचा हात त्याच्यापुढे धरला.

"त्यो बघतच ऱ्हायला. म्हणला, मला वाटलं हिनं माझं नाव कवाच खरडून काढलं असंल. रातीला जेवताना मी त्याला विचारलं, बाप्या, बायका नवऱ्याचं नाव घालत्यात, हिनं तुझं कसं? तर म्हातारीच बोलली. दिवसभरात तेवढं एकच नीट बोलली. म्हणली, नवरा एकदाच नेतो. सणाला न्यायला भाऊच येतो की."

रॉकीने मशीन बंद केलं होतं.

"तवापासून सांगतो," नाना म्हणाले, "हातावर नाव त्याचंच घालावं, जो न्यायला येईल. बाकीचं सगळं चित्रकाम. डबल बेल!"

समजेचा कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. जाता जाता विचारलं, "आणि तुमच्या हातावर काय आहे, नाना?"

त्यांनी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातून दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. कोरे.

"मला कशाला? ज्याला पोचायचं त्यानं हात लिहावा. मी पोचवणारा माणूस."

गेल्या वर्षापासून मात्र पोचवणारा माणूस स्वतः पोचेनासा झाला.

सुरुवात बारीक होती. त्यांचं घर माझ्या वरच्या मजल्यावर, पण माझंच दार आपलं समजून त्यांनी किल्ली लावली आणि ती लागेना म्हणून ते रागावले. पुन्हा एकदा तेच. मग दुधाची पिशवी आणायला गेले आणि भर दुपारी लांबच्या शहागंजातून रिक्षावाल्याने आणून सोडलं. "फेरी वाढवली," नाना म्हणाले. सगळे हसले. मी यादीत लिहिलं : नाना, किल्ली. नाना, शहागंज. नाना, गॅस? तिसऱ्या नोंदीनंतर मी त्यांच्या मुलाला फोन केला.

संदीप बेंगळुरूला असतो. चांगला मुलगा आहे. आई गेल्यावर वडिलांना घेऊनही गेला होता. नाना दीड महिन्यात परत आले. "तिथं समदे फुल बाह्यांचे," ते म्हणाले. "कुणाच्या हातावर कायबी लिहिलेलं नाय. बाराव्या मजल्यावर बसून मी वाचू काय?" आता संदीप म्हणाला, "काकू, आणखी एकदा असं झालं की मी त्यांना कायमचा इकडे आणतो. फ्लॅट काढून टाकतो. तुम्हाला किती त्रास द्यायचा?" हे त्याने नानांनाही सांगितलं. म्हणजे नानांना माहीत होतं : आणखी एक चूक, आणि पिशोर, पैठण, रॉकीची खुर्ची, सगळं संपलं.

नाना त्यानंतर फार जपून वागायला लागले. जिना चढताना मजले मोठ्याने मोजायचे. किल्ली गळ्यात. घरातून निघताना दाराला हात लावून मनाशी काहीतरी पुटपुटायचे. आणि मे महिन्यात, जेव्हा आमच्या गच्चीवर पापड तासाभरात वाळतात, तेव्हा नाना फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरायला लागले. बटणं मनगटापर्यंत लावलेली. मी विचारलं, "नाना, बरं नाही का?" म्हणाले, "फॅशन हाय." मी यादीत लिहिलं : नाना, फुल शर्ट, थंडी-ताप? याच सुमाराला रॉकीच्या तक्रारीही बंद झाल्या. मी दिसले की तो मशीन पुसायला लागायचा. मला हे दोन्ही एकत्र मांडायला हवं होतं. मांडलं नाही. त्या महिन्यात कंपनीत ऑडिट होतं, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि टाकीची गळती वेगळीच.

जूनमधल्या एका मंगळवारी नाना पुन्हा माझ्या दाराशी उभे होते. या वेळी किल्ली नव्हती. त्यांनी मला ओळखल्यासारखं केलं, पण नाव घेतलं नाही. हसले फक्त. मी त्यांना वर सोडून आले, दार लावलं आणि स्वयंपाकघरात तशीच बसून राहिले. भाजी चिरायची होती. मग संदीपला फोन लावला.

"घेऊन जा त्यांना," मी म्हटलं. "माझ्याच्याने होत नाही आता."

तो रविवारी येतो म्हणाला. मी फ्रिजवर लिहिलं : रविवार, संदीप, नाना. खरं सांगायचं तर लिहून हलकं वाटलं. यादीतली एक ओळ कमी होणार होती.

गुरुवारी सकाळी साडेअकराला मी स्टोअरमध्ये बेअरिंग मोजत होते. अनोळखी नंबरवरून फोन.

"तुम्ही सुनंदाताई का?" बाईचा आवाज.

मी म्हटलं, कर्ज नको आहे.

"कर्ज नाय हो मॅडम. मी कंडक्टर बोलतेय, पैठणवरून. एक आजोबा गाडीत बसून हायत. उतरंनात. म्हणतात माझी ड्युटी हाय. येताना रस्ताभर पॅसेंजरला पुढं सरका, पुढं सरका करत होते. नाव विचारलं तर सांगंनात. मग हात बघितला. तुमचं नाव हाय अन् नंबर हाय. म्हणून लावला."

"हातावर? कागदावर असेल."

"गोंदलंय, मॅडम."

मी अर्धी रजा टाकली. शेंद्र्याहून स्टँडपर्यंत रिक्षा, तिथून पैठणची गाडी. वाटेत रॉकीला फोन केला. त्याने पहिल्या रिंगला उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मॅडम, मैंने नक्को बोला था. कसम से. आठ दिन खुर्चीवर बसून राहिले. म्हणले, 'रखम्या, तू नाय केलंस तर जत्रेतल्याकडून करून घेईन, त्याची सुई कशी असंल कुणास ठाऊक.' अन् बोले, मॅडम को बोलना नहीं."

नंतर नवऱ्याला कळवलं. सतीश म्हणाला, "सत्तावीस वर्षांत माझ्या हातावर तुझं नाव आलं नाही, आणि एका कंडक्टरच्या हातावर आलं?"

"तू हरवून बघ एकदा," मी म्हटलं. मला हसू येत होतं आणि खिडकीतून धूळही येत होती.

पैठणच्या स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनबाहेर बाकावर नाना बसले होते. हातात चहाचा कागदी कप. डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. शेजारी ती कंडक्टर मुलगी उभी होती, खाकी साडीत, गळ्यात तिकिटाचं मशीन.

मी आधी हात बघितला. नऊ वर्षं नानांच्या शेजारी काढल्यावर सवय लागतेच. वर ठिपक्यांची तुळस. तिच्याखाली ठसठशीत 'सुनंदाताई'. त्याखाली माझा नंबर. मग सोसायटीचं नाव आणि भाग, गारखेडा. आणि सगळ्यात खाली तिरपे तीन ठिपके, पिशोरच्या बाजारातले. नाव, नंबर, जागा. माझ्या स्टोअरमधलं एकही लेबल इतकं नेटकं नाही.

"आलात?" नाना म्हणाले. ओळखलं होतं.

"आले."

"आलात म्हंजी बरूबर हाय." त्यांनी समाधानाने आपल्या हाताकडे बघितलं, जसं तिकीट तपासून बघावं. मग जरा ओशाळले. "विचारायला पायजे व्हतं तुमास्नी."

"मग विचारलं का नाही?"

"तुमी यादीत घातलं असतं. मंग ऱ्हाऊन गेलं असतं."

मी म्हटलं, "संदीपचं नाव घालायचं ना."

"संदीप येईल की. इमानानं येईल बिचारा. पण तवर मी बसू कुठं?" चहाचा शेवटचा घोट घेऊन त्यांनी कप बाकाखाली नीट ठेवला. "आइतवारी येतोय म्हणला त्यो. न्यायला. ठावं हाय मला. तिकडं गेल्यावर बी हे ऱ्हाऊ द्या, ताई. पुसायला लावू नका त्याला. कुणी वाचलं तर एवढं तरी कळंल, हा माणूस कुठला."

मंगळवारचा फोन मी केला होता, हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. ते बोलण्यात कुठे दिसलंही नाही.

परतीची गाडी त्याच मुलीची होती. तिने आम्हाला पुढची जागा दिली. नाना खिडकीशी बसले, दोन थांब्यांपर्यंत बाहेरची गावं ओळखत राहिले, काही बरोबर, काही चूक. मग डोळे मिटले. मी पर्समधून कागद काढला आणि लिहायला लागले. सवय. सकाळी दहा ते एक, रॉकी. दुपारी वॉचमन, गेटबाहेर एकट्याला सोडायचं नाही. गॅसचा कॉक, मी. डॉक्टर, उद्याच. संध्याकाळ, सतीश, त्याला तसंही काही काम नसतं. किती दिवस निभेल, मला माहीत नव्हतं. दिवाळीपर्यंत कदाचित. कदाचित तेवढंही नाही. यादी पूर्ण झाल्यावर संदीपला फोन लावला आणि सांगितलं, रविवारी ये, जेवायलाच ये, पण रिकाम्या हाताने परत जायची तयारी ठेव. तो म्हणाला, "काकू, नक्की?" मी म्हटलं, नक्की नाही, पण ये.

कंडक्टर तिकिटाला आली. नानांचं वय झालेलं, त्यांना फुकट. मला बाई म्हणून अर्धं. मशीनमधून चिठ्ठी काढता काढता तिने नानांच्या उघड्या हाताकडे पुन्हा एकदा बघितलं.

"कोण लागता तुम्ही यांच्या? लेक का?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला रकाना असतो. या गोष्टीला नव्हता. लेक नाही, सून नाही. सेक्रेटरी म्हणावं, तर त्या पोरीला काय कळणार होतं.

"न्यायला आलेय," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू हे नातं तिला चांगलंच ओळखीचं होतं, आणि पुढे सरकली. वाटेतल्या फाट्यावर गाडी थांबली. दोन बायका चढल्या, दार लागलं. गाडी हलेना. नानांनी डोळे मिटल्या मिटल्याच माझ्या नावाचा हात वर केला आणि नसलेली दोरी दोनदा ओढली.